आधी कडा बघा: मराठवाड्याच्या रस्त्यांवर वेगळ्या चौकटीचे फोटो

लातूरच्या गंजगोलाईत पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उभं राहिलं की बघायचं कुठं हेच कळत नाही. मधोमध गोल इमारत, अंबाबाईचं देऊळ, आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळालेले. एकीकडे मिरची-गुळाचा वास, एकीकडे सराफी दुकानं, एकीकडे चपलांच्या माळा. मी पहिली दोन वर्षं तिथं एकच काम केलं. जो चेहरा आवडला तो मधोमध धरला आणि बटण दाबलं. घरी येऊन बघावं तर सगळे फोटो आधारकार्डासाठी काढल्यासारखे.

एका रात्री मोबाइलवर ते फोटो चाळताना अंगठा नेमका चेहऱ्यावर आला. चेहरा झाकला गेला आणि उरलेल्या फोटोत बघण्यासारखं काहीच नाही, हे तेव्हा दिसलं. पुढचा फोटो झाकून बघितला, त्याच्या पुढचाही. सगळ्यांची तीच गत. गंजगोलाईत उभा राहून मी गंजगोलाईच फोटोबाहेर ठेवली होती.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच गोष्ट सांगत आलो आहे आणि हा लेखही तिच्यासाठीच आहे. चौकटीचा मधला भाग आपोआप दिसतो, कडा मुद्दाम बघाव्या लागतात. वेगळी रचना म्हणजे कॅमेरा तिरका धरणं असा समज फार पसरलाय. खरं काम कडांवर चालतं: काय आत घ्यायचं, काय अर्ध्यावर कापायचं, कशाला पूर्ण बाहेर ठेवायचं. हे शिकायला पैसा लागत नाही, महिना-दोन महिने लागतात.

साधन

खिशातला मोबाइल पुरेसा आहे. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सइतका रुंद भाग दाखवते, म्हणून माणूस मोठा हवा असेल तर पायानं पुढं जा. बोटानं झूम करायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. एकाच रुंदीत काम केलं की चौकटीत काय मावेल हे महिनाभरात डोळ्यालाच कळायला लागतं, स्क्रीन बघायच्या आधी. ग्रिडच्या रेषा सुरू करा. आवाजाच्या बटणानं फोटो काढायची सोय बहुतेक फोनमध्ये असते, तिचा सराव करा. फोन छातीशी किंवा गुडघ्याशी धरून काढताना तीच उपयोगी पडते.

कॅमेरा असेल आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स असेल, तर ती १८ वर ठेवा, लेन्सच्या छिद्राचा आकडा एफ ८ लावा, दोन मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. आता साधारण एक मीटरपासून लांबवर सगळं पुरेसं स्पष्ट येतं, आणि फोकस शोधण्यात वेळ जात नाही. चालती माणसं असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको. गल्लीच्या सावलीत गेलात तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ८०० किंवा १६०० करा. दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो मात्र परत मिळत नाही.

लेन्स पुसत राहा. वसमत-हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात तासभर फिरलात की काचेवर पिवळी साय धरते आणि सगळे फोटो धुरकट येतात.

पहिली पायरी: डोळ्यानं प्रदक्षिणा

एक जागा निवडा, एकच. गावातला चौक, आठवडी बाजाराचं तोंड, एसटी स्टँडचा फलाट, काहीही. तिथं एक तास काढायचा आणि पहिल्या तासात माणसांचे फोटो काढायचेच नाहीत.

चौकट धरा. बटण दाबायच्या आधी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून नजर निघू द्या, वरच्या कडेनं उजवीकडे, तिथून खाली, खालच्या कडेनं परत डावीकडे. देवळाला घालतो तशी पूर्ण प्रदक्षिणा. वाटेत काय काय भेटतं ते मनात म्हणा: मोटारसायकलचा अर्धा आरसा, विजेची तार, कुणाची तरी अर्धी पिशवी, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं कापलेलं नाव. प्रत्येक गोष्टीला विचारा, तू इथं कशाला? उत्तर नसेल तर एक पाऊल डावीकडे सरका किंवा गुडघ्यात वाका. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. अर्धा आरसा जातो किंवा पूर्ण आत येतो, आणि पूर्ण आला तर त्यात मागचा रस्ता दिसायला लागतो.

सुरुवातीला एका प्रदक्षिणेला पाच-सहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात समोरचा क्षण निघून जातो. जाऊ द्या. रोज वीस मिनिटं केलं तर दोन-तीन आठवड्यांत ती निम्म्या सेकंदावर येते. सायकल शिकताना तोल आपोआप यायला लागतो, तसंच हे आहे, पण ते फुकट मिळत नाही.

घरी आल्यावर अंगठ्याची कसोटी लावा. फोटोचा मध्य झाका. उरलेल्या भागातून गाव ओळखू येतंय का, वेळ कळतेय का, काही घडतंय का? यातलं एक तरी हो आलं तर तो फोटो ठेवा.

दुसरी पायरी: कमान, आणि कमानीचा अंधार

छत्रपती संभाजीनगरला दरवाज्यांचं शहर म्हणतात. भडकल गेट १६१२ सालचं, मलिक अंबरच्या काळातलं. पैठण गेटभोवती बाजार चिकटलाय, मकई गेट आणि पाणचक्कीजवळचं महमूद गेट खाम नदीच्या पुलांना लागून आहेत. चौकटीत चौकट शिकायला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. पण सगळे जण समोरून, मधोमध उभं राहून, पूर्ण कमान घेऊन फोटो काढतात. तो दरवाज्याचा फोटो होतो. रस्त्याचा फोटो काढायचा तर कमानीच्या आत, एका बाजूला, रहदारीला अडथळा होणार नाही असं उभं राहा.

आता उजेडाचा हिशेब बघा. बाहेर झगझगीत ऊन, आत अंधार. मोबाइल दोन्ही सांभाळायला जातो आणि दोन्ही फिकट करतो. बाहेरच्या उजळ रस्त्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथं पक्का होईल. मग बोट खाली ओढून उजेड आणखी कमी करा. कमानीचा आतला भाग पूर्ण काळा पडेल. पडू द्या. चौकटीचा पाऊण भाग काळा आणि एका कोपऱ्यात उजेडाचा तुकडा उरला, की त्या तुकड्यात जो येईल तो फोटोचा धनी होतो. सायकलवरचा दूधवाला असेल, शाळेतून परतणारी पोरं असतील, डोक्यावर पाटी घेतलेली बाई असेल. नवख्या माणसाला एवढी काळी जागा बघून भीती वाटते, फोटो वाया गेला असं वाटतं. मला उलट वाटतं. आपल्याकडच्या जुन्या पेठांमध्ये सावलीचं वजन खरंच एवढं असतं, ते फोटोत कमी करायचं कशाला?

कमानीची कडा वाकडी येऊ देऊ नका. दगडाची एक उभी रेष तरी चौकटीच्या कडेशी समांतर धरा. एक रेष सरळ असली की बाकी कितीही गुंता असला तरी बघणाऱ्याचा पाय घसरत नाही.

जिथं दरवाजे नाहीत तिथं वाड्याची देवडी, अर्धं उघडलेलं शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालची मोकळी जागा, लोंबणारी ताडपत्री, सगळं चौकटीचं काम करतं. अर्ध्या शटरखालून बघितलं तर माणसांचे फक्त पाय दिसतात. तिथून पुढची पायरी सुरू होते.

तिसरी पायरी: तुकडा

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जा. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी जा, म्हणजे लोक मोकळे असतात. सोयाबीनची, तुरीची, हरभऱ्याची पोती, काटा, आडत्याची गादी, पोतं ओढायचा लोखंडी आकडा खांद्याला अडकवलेले हमाल. इथं पूर्ण माणूस घ्यायचाच नाही असं ठरवा. पाठीवर पोतं आहे आणि मान वाकली आहे, तेवढंच घ्या. काट्याच्या पारड्यावर ठेवलेला हात घ्या. आडत्याच्या बोटांमधली पावती आणि समोर वाट बघत बसलेल्या शेतकऱ्याचे नुसते गुडघे.

कापायचं कुठं याचे माझे दोन नियम आहेत. सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा बरोबर कडेवर आला तर अवयव तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या मध्यावर, मांडीच्या मध्यावर कापा. दुसरं, कापायचं तर ठाम कापा. बोटाचं टोक कापलं गेलं की चूक वाटते, अर्धा चेहरा कापला की त्यात हेतू दिसतो.

तिसरी गोष्ट आहे, पण तिला नियम म्हणवत नाही. डोकं कापताना स्वतःला थांबवा. कष्ट करणाऱ्या माणसाचं नुसतं अंग दाखवायचं आणि चेहरा टाळायचा, याची सवय लागली की माणूस वस्तू होतो. तुकडा असा हवा की त्यातून तोच माणूस कळावा. हातावर गोंदलेलं नाव, चपलेला बांधलेली तार, सदऱ्याच्या पाठीवरचं ठिगळ, बोटाला लागलेली हळद यांतलं काहीतरी त्या तुकड्यात असलं पाहिजे.

तुळजापूरला अश्विनी पौर्णिमेला चालत येणाऱ्या लोकांची रांग रात्रभर रस्त्यानं वाहत असते. सोलापूरकडून तर माणसांची नदीच येते. तिथं सगळे जण गर्दी दाखवायच्या मागे असतात आणि गर्दी फोटोत कधीच मोठी दिसत नाही. मी तिथं फोन जमिनीलगत धरतो. सुजलेले पाय, पायांना बांधलेली फडकी, मध्येच एक लहान मुलगा बापाच्या खांद्यावरून उतरून चालायला लागलेला. दहा पायांतून दहा हजार माणसं कळतात. आराधी, म्हणजे देवीचे भक्त, भेटले तर त्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि हातातली परडी एवढ्यावरही फोटो उभा राहतो, पण आधी नमस्कार करा, विचारा. देवळाच्या आत कॅमेरा काढू नका. बाहेर एवढं आहे की आयुष्य पुरणार नाही.

चौथी पायरी: आडून बघा

समोरचं दृश्य मोकळं हवं, मध्ये काही यायला नको, असं आपल्याला शिकवलेलं असतं. रस्त्यावर हे उलटं करून बघा. मध्ये काहीतरी येऊ द्या.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा पॅरिसचा फोटो अनेकांनी बघितला असेल. सँ-लाझार स्टेशनच्या मागं साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय. तो फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढलेला आहे. फट लेन्सपेक्षा अरुंद होती, म्हणून डावीकडचा भाग फळीनं झाकला गेला आणि नंतर कापावा लागला. अडथळ्यामुळे फोटो सोडून द्यावा असं त्याला वाटलं नाही. आपल्याकडचे रघुबीर सिंह, जयपूरचे, जन्म १९४२ चा, त्यांनी तर अडथळ्यालाच घर केलं. ॲम्बॅसडर गाडीतून देशभर फिरले आणि गाडीची खिडकी, दार, आरसा, काच यांच्या चौकटीतून रंगीत फोटो काढले. एका चौकटीत तीन-तीन रस्ते दिसतात.

आपल्याकडे ॲम्बॅसडरच्या जागी लालपरी आहे. एसटीच्या खिडकीच्या आडव्या दांड्या, दोन सीटमधली फट, ड्रायव्हरच्या समोरची मोठी काच आणि तिच्यावर लटकलेला हार. बीड-परळी, नांदेड-हिंगोली अशा कोणत्याही गाडीत बसा आणि गाडी स्टँडवर थांबेल तेवढ्या पाच-दहा मिनिटांत काम करा. दांडी चौकटीच्या मधोमध आडवी जाऊ द्या. वरच्या पट्टीत फलाटावरची बाई, खालच्या पट्टीत तिच्या पायाशी बसलेलं पोर, अशा दोन गोष्टी दोन मजल्यांवर बसतात. गाडी सुरू झाली की हात आत घ्या, फोन खिडकीबाहेर काढू नका.

उन्हाळ्यात कूलरच्या गवती जाळीतून बघा. सॉल लायटर या छायाचित्रकारानं न्यूयॉर्कमध्ये वाफ धरलेल्या काचांमधून रस्ता बघितला. आपल्याकडे वाफ नाही, पण टपरीच्या काचेवर धूळ आहे, पानपट्टीच्या काउंटरवर पाण्याचे ओघळ आहेत, रसवंतीच्या चरकाला घुंगरू आणि मागं उसाच्या मोळ्या आहेत. ऊस लेन्सपासून वीतभर अंतरावर ठेवला की तो हिरवा धूसर पडदा होतो आणि पलीकडे ग्लास तोंडाला लावलेला माणूस स्पष्ट दिसतो. फोकस त्या माणसावर बोटानं द्या, नाहीतर मोबाइल उसालाच पकडतो.

आड आलेली वस्तू तिथलीच हवी, एवढं मात्र बघा. घरून काचेचा तुकडा घेऊन गेलेली मुलं मी बघितली आहेत. फोटो चमकदार येतात, पण त्यात त्या रस्त्याचं काही नसतं.

दुपार सोडू नका

फोटो सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या पुढं काढावेत असं सगळे सांगतात. मराठवाड्यात राहून हे ऐकलं तर वर्षातला निम्मा उजेड फुकट जातो. एप्रिल-मेची दुपार ही आपली खास गोष्ट आहे, आणि वेगळी रचना शिकायला तिच्याइतकं काही उपयोगी नाही.

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. दक्षिणेकडे तुळजापूर-लातूरला आधी, संभाजीनगरला काही दिवसांनी. सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. त्या आठवड्यात दुकानांच्या पुढच्या पत्र्यांची सावली म्हणजे भिंतीलगत काळी अरुंद पट्टी उरते. रस्ता पांढरा आणि रिकामा, सगळी माणसं त्या हातभर पट्टीत एकामागून एक चालतात. तुम्हाला काही रचायचं नसतंच, सूर्यानं रचून ठेवलेलं असतं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहा, काळी पट्टी चौकटीच्या अगदी वरच्या कडेला ठेवा आणि खालचा तीन-चतुर्थांश भाग नुसता तापलेला डांबरी रस्ता राहू द्या.

एवढी रिकामी जागा ठेवायला हिंमत लागते. पण आपला मुलूख मोकळा आहे. काळं रान, मोठं आभाळ, दोन गावांमध्ये मैलभर काही नाही. हा मोकळेपणा फोटोत आला तर तो मराठवाड्याचा वाटतो. बंद मोंढ्याची लांबच लांब भिंत घ्या आणि तिच्या पार टोकाला डोक्यावर रुमाल टाकून बसलेला एक माणूस. माणूस चौकटीच्या कडेपासून बोटभर अंतरावर असावा. नजर आधी रिकाम्या भिंतीवरून चालत जाते आणि मग त्याला भेटते. त्या चालण्यात दुपार कळते.

उजेडाचं गणित सोपं आहे. कडक उन्हात आयएसओ २००, एफ ८, शटर १/८००. मोबाइलवर उजळ भागावर बोट ठेवून थोडं खाली ओढा, म्हणजे पांढरं जळत नाही. डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली, आणि सलग वीस मिनिटांच्या वर उन्हात उभं राहायचं नाही. फोनही तापून बंद पडतो, त्याला पण सावली द्या.

उंची आणि तिरकेपणा

यावर थोडक्यात. डोळ्याच्या उंचीवरून सगळेच बघतात, म्हणून तिथून काढलेला फोटो ओळखीचा वाटतो. मोबाइल उलटा धरलात तर लेन्स जमिनीला टेकते. जूनच्या पहिल्या पावसानंतर डबक्यांत अख्खा चौक सापडतो तो असाच. उंचावरून बघायचं तर संभाजीनगरच्या गुलमंडीत कुणाच्या तरी गच्चीवर विचारून जा. संध्याकाळी साडेपाचनंतर वरून माणसं लहान आणि त्यांच्या सावल्या लांबलचक दिसतात, तेव्हा सावल्याच मोजा. नांदेडला नगीना घाटाच्या पायऱ्या खालून वर बघितल्या तर पायऱ्यांच्या आडव्या रेघा चौकट भरून टाकतात आणि उतरणारा प्रत्येक माणूस एका रेघेवर उभा असल्यासारखा दिसतो. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित जागी तिपाई लावायला परवानगी लागते, तेव्हा हातानंच काढा.

कॅमेरा तिरका कधी धरायचा? दृश्यातच उतार, ओढ, घसरण असेल तेव्हा. चढावर हातगाडी ढकलणारा माणूस आणि कॅमेरा दोघं एकाच बाजूला झुकले तर ढकलण्याचा जोर फोटोत येतो. उभा असलेला शांत माणूस तिरका केला तर तो पडतोय असं वाटतं, एवढंच.

पाचवी पायरी: चौकट लावून थांबा

आता माणसं. इथवर आलात तर तुमच्याकडे एक चांगली रिकामी चौकट असेल: कमानीचा उजेड, दुपारची पट्टी, एसटीची खिडकी. ती धरून उभं राहा आणि माणसाला येऊ द्या. वीस मिनिटं, तीस मिनिटं. नवखे लोक माणसाच्या मागं पळतात आणि मागं काय आहे ते विसरतात.

थांबलात की दुसरा फायदा होतो. पहिली पाच मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतात, दहाव्या मिनिटाला बघायचं सोडतात, पंधराव्या मिनिटाला कुणीतरी चहा विचारतं. मग खरे फोटो मिळतात.

चौकटीत दोन-तीन माणसं असतील तर त्यांच्यात बोटभर तरी उजेड राहील असं बघा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्याला चिकटलं की दोघंही जातात. जवळ एक, मध्ये एक, लांब एक असे तीन थर जुळले तर उत्तम, पण ते ठरवून होत नाही. गंजगोलाईत मी एका रविवारी तीन तास एकाच कोपऱ्यावर होतो. पुढं काट्याचं पारडं, मध्ये भाव करणारी बाई, लांब देवळाच्या पायरीवर बसलेला म्हातारा. तिघं तीन वेळा जुळले. तिन्ही वेळा मध्ये रिक्षा आली. चौथ्यांदा रिक्षातल्या मुलानं मान बाहेर काढली आणि तोच चौथा थर झाला.

कुणी हटकलं तर

परभणीत एकानं मला विचारलं होतं, "कामून काढायलास रे फोटो?" फोन खिशात टाकून पळू नका. "मामा, पोत्यांवर उजेड लई भारी पडलाय, बघा," म्हणून स्क्रीन दाखवा. दहातले आठ जण बघतात आणि कुठं उभं राहिलो तर बरं दिसेल ते तेच सांगायला लागतात. उरलेल्या दोघांनी नको म्हटलं तर त्यांच्यासमोर फोटो पुसून टाका, वाद घालू नका. लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय नको. बायकांच्या बाबतीत जरा जास्त जपा. लांबून लपून काढलेला फोटो कळला तर त्या गल्लीत तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचं दार बंद होतं.

आणि एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकरपुढच्या घागरींच्या रांगा तेव्हा सगळ्यांनी बघितल्या, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आजही उन्हाळ्यात त्या लागतात. वरून बघितलं तर रंगीत घागरींची रांगोळीच दिसते. असा फोटो मीही काढला होता. पाहणारे म्हणाले, काय सुंदर रंग आहेत. तो फोटो मी पुन्हा कुणाला दाखवला नाही, कारण रांगेत पहाटेपासून उभी असलेली बाई त्यात नव्हती. मी तिला चौकटीबाहेर ठेवली होती, आणि ते मीच ठरवलं होतं. अशा ठिकाणी खाली उतरा, माणसांच्या बरोबरीनं उभे राहा, चेहरा असू द्या, घागर कडेला जाऊ द्या. शक्य असेल तर आधी दोन घागरी उचलू लागा.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवड करू नका. आठवडाभर फोटो तसेच राहू द्या, म्हणजे काढतानाचा उत्साह त्यांच्यावरून उतरतो. मग एकेक फोटो नखाएवढा लहान करून बघा. लहान आकारातही उजेड-अंधाराचा आकार ओळखू येत असेल तर रचना घट्ट आहे. फोटो उलटा फिरवा, डोकं खाली पाय वर. आता माणूस दिसायचा थांबतो आणि वजन कुठं जास्त पडलंय ते कळतं. दोनशेतले पाच उरले तरी दिवस चांगला गेला. कडेवर नको असलेलं थोडं कापायला हरकत नाही, पण निम्मा फोटो कापावा लागत असेल तर परत त्या जागी जा.

उरलेल्या पाचांच्या प्रती काढा, गावातल्या स्टुडिओत, चार बाय सहाच्या. प्रत्येकी दोन. एक भिंतीवर लावा, दुसरी ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या.

मोंढ्यातल्या एका हमाल मामांना मी अशी प्रत दिली होती. फोटोत त्यांची नुसती पाठ, वाकलेली मान आणि खांद्यावरचा आकडा. त्यांनी तो हातात धरून उलटसुलट केला आणि विचारलं, "यात माझं तोंड कुठाय?" मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात मागून दुसरा हमाल वाकून बघायला आला आणि म्हणाला, "मामा, हे ठिगळ तुमचंच की. आत्यानं निळ्या दोऱ्यानं शिवलंय." मामांनी फोटो पुन्हा डोळ्याजवळ नेला, ठिगळावरून अंगठा फिरवला, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात, पावत्यांच्या मागं, नीट ठेवून दिला.